मुलें आणि त्यांचें शहर

शाळेंतल्या कोणत्याहि मुलाच्या हातीं कागद व रंगीत खडू देऊन त्यास घराचें चित्र काढावयास सांगितलें, तर बहुधा एकच चित्र तयार होतें. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, डोंगरांतून निघून कागदाच्या कडेपर्यंत येणारी नदी, आणि नदीच्या कांठीं उतरत्या छपराचें एक कौलारू घर. चित्र काढणारें मूल गिरगांवच्या चाळींत राहत असो, पुण्याच्या जुन्या वाड्यांत राहत असो, कीं दहा मजल्यांच्या इमारतींत राहत असो, चित्रांत फारसा फरक पडत नाहीं. ज्या जिन्यावरून तें दिवसांतून चार वेळां चढतें-उतरतें, ज्या गॅलरींत तें खेळतें, ज्या नळाशीं त्याची आई पाण्याची वाट पाहत उभी असते, तो जिना, ती गॅलरी आणि तो नळ चित्रांत येत नाहींत. कौलारू घर त्यानें पाहिलेलें नसतें. दुसऱ्या एखाद्या चित्रावरून तें शिकलेलें असतें.

ह्यांत मुलाचा दोष नाहीं. जगांतील मोठमोठ्या नद्या कोणत्या समुद्रांस मिळतात हें त्यास शाळेंत सांगितलेलें असतें. स्वतःच्या घरांतलें सांडपाणी कोठें जाऊन पडतें हें कोणी सांगितलेलें नसतें. अशोकाचे शिलालेख कोठें आहेत हें तें घडाघडा म्हणून दाखवितें. आपल्या शाळेची इमारत कोणीं, केव्हां आणि कशाची बांधली हें त्यास ठाऊक नसतें. घर, रस्ता, बाजार, शहर ह्या गोष्टी ऊन-पावसाप्रमाणें आपोआप झालेल्या आहेत अशी त्याची समजूत होते, आणि ती समजूत घेऊनच तें मोठें होतें. मग रस्त्यांत पाणी तुंबलें, जिन्यांत अंधार झाला, खेळावयाच्या मैदानावर इमारत उभी राहिली, तर पावसाविषयीं कुरकुर करावी तशी कुरकुर करून तें स्वस्थ बसतें. कोणीतरी असें ठरविलें म्हणून हें असें झालें, आणि निराळें ठरविलें असतें तर निराळें झालें असतें, हा विचार त्याच्या मनास शिवत नाहीं.

वास्तुविद्या व नगररचना ह्या इंजिनियरांच्या विद्या; त्या मुलांना शिकवून काय करावयाचें, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु ज्यास गवई व्हावयाचें नाहीं त्यानें गाणें ऐकावयास शिकूं नये, असें कोणी म्हणत नाहीं. शिवाय गाणें बेसूर असलें तर बैठकींतून उठून जातां येतें. बेसूर गल्लींतून उठून जाण्याची सोय फार थोड्यांना असते. आणि शहराच्या बाबतींत काळाचा हिशेबहि निराळाच आहे. रस्ता एकदां आंखला, त्याच्या दोहों बाजूंस घरें उभीं राहिलीं, कीं तो तीन-तीन पिढ्या हलत नाहीं. तो आंखणारे बहुधा पन्नाशीला टेकलेले असतात. ज्यांना तो जन्मभर वापरावयाचा असतो तीं मुलें त्या वेळीं बिगारींत असतात, नाहींतर पाळण्यांत.

शहराचा आराखडा सरळ मुलांच्या क्रमिक पुस्तकांतच घालावा, ही कल्पना अमेरिकेंतील शिकागो शहरानें विसाव्या शतकाच्या आरंभीं मोठ्या प्रमाणावर अंमलांत आणली. १८७१ सालच्या आगींत ह्या शहराचा मध्यभाग जळून गेला होता. पण १९१० च्या खानेसुमारींत त्याची वस्ती २१ लाखांवर भरली. वाढ अशी कीं तिला ना आकार, ना धरबंध. १९०९ सालीं तेथील व्यापाऱ्यांच्या एका मंडळानें डॅनियल बर्नहॅम आणि एडवर्ड बेनेट ह्या वास्तुशास्त्रज्ञांकडून साऱ्या शहराचा आराखडा करवून तो ग्रंथरूपानें छापला. ग्रंथ मोठा देखणा होता आणि त्याच्या प्रती काढल्या होत्या अवघ्या १६५०. एकवीस लाखांच्या शहराला साडेसोळाशें प्रती! इकडे आराखडा प्रत्यक्षांत आणावयाचा तर कर्जरोखे काढणें भाग, आणि कर्जरोख्यांस मतदारांची संमति हवी.

आराखड्याचा पाठपुरावा करण्यासाठीं शहरानें एक मंडळ नेमलें. चार्ल्स वॅकर हे त्याचे अध्यक्ष. १९११ सालीं मंडळाच्या कारभारावर वॉल्टर मूडी ह्या गृहस्थांची नेमणूक झाली. विक्रेत्याच्या कलेवर त्यांनीं १९०७ सालीं एक पुस्तक लिहिलें होतें, आणि नव्या कामांतहि त्यांनीं तीच कला लावली. बर्नहॅमच्या भारी ग्रंथाचें सोपें रूप त्यांनीं मुलांसाठीं तयार केलें आणि अध्यक्षांच्या नांवानें, ‘वॅकर्स मॅन्युअल’ म्हणून, तें प्रसिद्ध केलें. शहरांतील सार्वजनिक शाळांतून आठव्या इयत्तेला तें पुस्तक लागलें. आठवीच निवडली, कारण त्या काळीं पुष्कळ मुलांचें शिक्षण तेथेंच संपत असे. आणखी सात-आठ वर्षांनीं तींच मुलें मतदार व्हावयाचीं होतीं. दरम्यान त्यांच्या दप्तरांतून आराखडा आईबापांपर्यंत पोहोंचावा हा तर उघड हेतु होता. जोडीला मॅजिक लॅन्टर्नचीं व्याख्यानें झालीं, एक चित्रपटहि निघाला. १९१२ पासून १९३१ पर्यंत शिकागोच्या मतदारांनीं आराखड्यांतील कामांसाठीं सुमारें ८६ वेळां कर्जरोख्यांस संमति दिली. त्यांची एकूण रक्कम २३ कोटी ४० लाख डॉलरांच्या घरांत जाते. पुस्तकाचा ह्या यशांत वांटा किती, हें मोजण्याचें माप नाहीं. पण तो नव्हता असें म्हणणेंहि कठीण.

आतां ह्या नाण्याची दुसरी बाजू. शिकागोंत नदीच्या कांठानें जाणारा एक दुमजली रस्ता आहे. तो १९२६ सालीं खुला झाला आणि त्यास वॅकर ह्यांचेंच नांव आहे. पूर्वीं त्या जागीं फळफळावळ व भाजीपाला ह्यांचा मोठा घाऊक बाजार भरत असे. रस्त्यासाठीं तो तेथून हलविला. हलविणें योग्यहि असेल, कारण गाड्यांची तेथें नेहमीं कोंडी होत असे. परंतु बाजार हलला म्हणजे त्यावर पोट भरणारे हमाल आणि हातगाडीवाले कोठें जातात, हा प्रश्न आठवींतल्या मुलाच्या मनांत उत्पन्न व्हावा अशी त्या पुस्तकाची मांडणीच नव्हती. कामगारांच्या राहत्या घरांविषयीं मूळ आराखड्यांतच फार थोडें होतें. मग मुलांच्या पुस्तकांत तें कोठून यावें? आराखडा तेथें सिद्धान्त म्हणून येतो. तो बरोबर आहे कीं नाहीं, हें मुलानें ठरवावयाचें नव्हतें. तो आवडून घ्यावयाचा होता. ह्याला नागरिकशास्त्र म्हणावें कीं जाहिरात? मूडी ह्यांना त्या दोहोंत फारसें अंतर वाटलें नसावें. तरीहि मुलांना एवढें सांगण्याचे कष्टदेखील फार थोड्या शहरांनीं घेतले आहेत, हें शिकागोच्या बाजूनें नमूद केलें पाहिजे.

त्याच सुमारास स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरीं अगदीं उलट्या टोकानें आरंभ करणारा एक शिक्षक होता. पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२) हे मूळचे जीवशास्त्रज्ञ. १८७९ सालीं संशोधनासाठीं मेक्सिकोंत गेले असतां त्यांची दृष्टि अधू झाली आणि कित्येक आठवडे त्यांना अंधाऱ्या खोलींत बसून काढावे लागले. सूक्ष्मदर्शक यंत्रावर डोळा लावणें तर संपलेंच. चांचपडत असतां खिडकीच्या तावदानांच्या चौकटी त्यांच्या बोटांस लागल्या, आणि मनांतले विचार तशा चौकटींत मांडण्याची युक्ति त्यांस सुचली. कागदाला घड्या घालून त्या घरांत विचार मांडण्याची त्यांची जन्मभराची संवय ती हीच. डोळ्यांचें मोल अशा रीतीनें कळलेला हा मनुष्य पुढें लोकांना पाहावयास शिकविण्यांत गढून गेला.

एडिंबरोच्या किल्ल्याजवळ एक उंच मनोरा होता. तो त्यांनीं १८९२ सालीं आपल्या कामासाठीं घेतला. त्याच्या माथ्यावर जुन्या काळापासून एक यंत्र होतें. छतांतल्या भिंगांतून व आरशांतून बाहेरच्या शहराचें प्रतिबिंब खालीं अंधाऱ्या खोलींतील पांढऱ्या मेजावर पडे. रस्त्यांतले लोक, गाड्या, धुराडीं, सारें त्यांत हलतांना दिसे. पाहुणा आला कीं गेडिस त्यास धांवतच वरपर्यंत नेत. आधीं गच्चीवरून सारें शहर पाहावयाचें, मग मेजावर पाहावयाचें, मग एक खुर्ची असलेल्या लहानशा खोलींत क्षणभर एकटें बसून पाहिलेलें मनांत आणावयाचें, आणि त्यानंतर एक एक मजला उतरावयाचा. वरच्या मजल्यावर एडिंबरो, त्याखालीं स्कॉटलंड, त्याखालीं इंग्रजी भाषा बोलणारे देश, मग युरोप, आणि अगदीं तळमजल्यावर सारें जग. भूगोलाचें पुस्तक पृथ्वीच्या गोलापासून आरंभ करतें, आणि स्वतःच्या गल्लीपर्यंत पोहोंचण्यापूर्वींच संपतें. गेडिसांनीं तेंच पुस्तक उलटें धरलें, इतकेंच.

शिक्षणांत मस्तकाइतकाच हृदयाचा व हाताचा भाग असला पाहिजे असें ते म्हणत, आणि तें त्यांनीं नुसतें म्हटलें नाहीं. एडिंबरोच्या जुन्या, कोंदट वस्तींतल्या पडीक जागा शोधून तेथें बागा करण्याचें काम मनोऱ्याच्या मंडळींनीं अंगावर घेतलें. त्यांत गेडिसांची कन्या नोरा पुढें होती, आणि माती उकरावयास वस्तींतलींच मुलें येत. ज्या मुलानें स्वतः वाफा खणला आहे, त्याला ती जागा सरकारी वाटत नाहीं.

गेडिस १९१४ सालीं हिंदुस्थानांत आले. त्यांच्या नगररचना-प्रदर्शनाचें सामान मागून येत होतें. तें नेणारें जहाज एमडेन ह्या जर्मन युद्धनौकेनें वाटेंतच बुडविलें. गड्यानें नव्यानें नकाशे व चित्रें जमवून १९१५ च्या आरंभीं मद्रासेस प्रदर्शन भरविलेंच. पुढें १९१९ ते १९२४ पर्यंत ते मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्र व नागरिकशास्त्र ह्या विषयांचे प्राध्यापक होते. मुंबईंत १८९६ सालीं प्लेग आल्यावर १८९८ सालीं इंप्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला होता, आणि दाट वस्तींतून रुंद रस्ते काढणें हा त्या काळीं सर्वमान्य उपाय होऊन बसला होता. गेडिस जुन्या शहरांच्या गल्ल्यागल्ल्यांतून पायीं हिंडत. अख्खा मोहल्ला उडविण्याऐवजीं येथलें एक पडकें घर काढावें, तेथलें एखादें अंगण मोकळें करावें, विहीर साफ करावी, झाड राखावें, असा त्यांचा सल्ला असे. चांगला शस्त्रवैद्य जसा शक्य तितकें कमी कापतो, तशी ही रीत.

इंदूर दरबारासाठीं केलेला त्यांचा अहवाल १९१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्या कामाच्या वेळची एक हकीकत त्यांच्या चरित्रकारांनीं सांगितली आहे. शहरांत प्लेगचा धाक होता, आणि नकाशे घेऊन हिंडणारा हा साहेब घरें पाडावयास आला आहे असा लोकांचा समज होता. गेडिसांनीं होळकर महाराजांकडून एका दिवसाचें राज्य मागून घेतलें आणि दिवाळीच्या सणांत मिरवणूक काढण्याचें जाहीर केलें. मार्ग कोणता? नेहमींचा नव्हे, ज्या भागांत जास्तींत जास्त घरें झाडून, डागडुजी करून, रंगवून तयार होतील, त्या भागांतून मिरवणूक जाईल. मग काय, गल्लीगल्लींत चढाओढ लागली. मिरवणुकींत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता, डांस होते. त्यांच्या मागून स्वच्छ कपड्यांत, गळ्यांत हार घालून झाडूवाले चालले होते. पुढें काय बांधावयाचें त्याच्या प्रतिकृति होत्या. आणि घरोघर लावण्यासाठीं तुळशीचीं रोपें वांटलीं गेलीं. शेवटीं रावणाप्रमाणें राक्षसाचें दहन झालें. त्या दिवशीं इंदुरांतलें जें मूल बापाच्या खांद्यावर बसून हें पाहत असेल, त्यास प्लेग, उंदीर, गटार आणि घर ह्यांचा संबंध निराळा पाठ करून घेण्याची गरज उरली नसेल.

अर्थात् घरोघर कांहीं मनोरा नसतो, आणि एका दिवसाचें राज्यहि मिळत नाहीं. पण जिना मिळतो. मुलाच्या हातीं एक फूटपट्टी द्यावी आणि रोजच्या जिन्याची पायरी मोजावयास सांगावें. फ्रान्समधील ब्लाँडेल नांवाच्या वास्तुशास्त्रज्ञानें सतराव्या शतकांतच नियम सांगून ठेवला आहे कीं, पायरीच्या उंचीची दुप्पट आणि पाऊल ठेवावयाची रुंदी मिळून सुमारें २४ इंच, म्हणजे माणसाचें एक पाऊल, व्हावें. ६ इंच उंची आणि १२ इंच रुंदी असली तर बेरीज २४. ८ इंच उंची आणि ८ इंच रुंदी असली तरीहि बेरीज २४. मग दोन्ही जिने सारखेच कीं काय? मुलानें दोन्ही चढून पाहावे. पहिल्यावर सारें पाऊल टेकतें. दुसऱ्यावर टांच हवेंत राहते.

येथें थांबूं नये. पुढचेंच गणित महत्त्वाचें आहे. एका मजल्याची उंची १० फूट धरली, तर ६ इंची पायऱ्या २० चढाव्या लागतात, आणि त्या जिन्याला जमिनीवर १९ फूट लांबी लागते. ८ इंची पायऱ्या १५ पुरतात, आणि लांबी लागते ९ फूट ४ इंच. म्हणजे उभा जिना निम्म्या जागेंत बसला आणि पावणेदहा फुटांच्या सुमाराची लांबी वांचली. ती जागा एखाद्या भाड्याच्या खोलींत गेली असेल, दुकानांत गेली असेल. मुलाची आजी तिसऱ्या मजल्यावर पोहोंचेपर्यंत दोनदां कठड्याला धरून उभी राहते, त्याचें कारण तिच्या वयांत जसें आहे तसें ह्या वजाबाकींतहि आहे. इमारतींतील प्रत्येक गोष्टीसाठीं कोणीतरी कांहीं वांचविलेलें असतें आणि त्याची किंमत दुसराच कोणी देत असतो, हें दहा वर्षांच्या मुलास एवढ्या हिशेबानें नीट कळतें. वाड्याचा चौक, माजघरांतला गारवा, चाळीची सामायिक गॅलरी, ह्यांकडेहि मग तें ह्याच नजरेनें पाहूं लागतें. प्रत्येकाचा निराळा धडा करावयास नको.

जिन्यानंतर गल्ली. पावलें मोजून गल्लीचा नकाशा काढावा: कोणत्या घराला ओटा आहे, सांवली कोठें पडते, पाणी कोणत्या बाजूस वाहतें, म्हाताऱ्या माणसास बसावयास जागा कोठें आहे. नकाशा वांकडातिकडा झाला तरी चालेल. स्वतः एक नकाशा काढल्यावर दुसऱ्यानें काढलेला वाचतां येतो, आणि ही विद्या पुढें केव्हां उपयोगी पडेल ह्याचा नेम नाहीं. महाराष्ट्रांत १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणें शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध करून त्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. २०१५ च्या फेब्रुवारींत मुंबईचा २०३४ सालापर्यंतचा आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हां त्यांतल्या चुकांचा इतका बोभाटा झाला कीं एप्रिल महिन्यांत राज्य सरकारनें तो रद्द ठरवून नव्यानें करावयास लावला. सुधारलेल्या आराखड्यास २०१८ सालीं मंजुरी मिळाली. कोठें उभ्या वस्तीवरून रस्ता गेला होता, कोठें जुन्या वास्तूची नोंदच चुकली होती. ह्या चुका पकडणारे सारेच कांहीं इंजिनियर नव्हते. आपली गल्ली कागदावर कोठें आहे हें त्यांना शोधतां आलें, एवढेंच. ज्यांना तें शोधतां येत नाहीं त्यांची मुदत हां हां म्हणतां निघून जाते.

ह्या सर्व शिक्षणाचें एक साधन मात्र महाराष्ट्रांतल्या मुलांजवळ आयतेंच आहे, आणि तें कोणत्याहि शिक्षणखात्यानें दिलेलें नाहीं. दिवाळी जवळ आली कीं अंगणांत, चाळीच्या चौकांत, अगदीं गच्चीच्या कोपऱ्यांतहि किल्ले उठूं लागतात. विटांचे व दगडांचे ढीग, त्यांवर चिखलांत बुडविलेलें गोणपाट, उतारावर पेरलेलें अळीव, बुरुज, मातीचे मावळे आणि शिखरावर सिंहासन. मोठीं माणसें ह्याकडे कौतुकानें पाहतात. शिक्षण म्हणून फारशीं पाहत नाहींत. वास्तविक उतार किती ठेवला म्हणजे माती ढांसळत नाहीं, बुरुज पुढें कां काढावयाचा, वाट दरवाजापर्यंत सरळ न नेतां वळवून कां न्यावयाची, ह्या प्रश्नांचीं उत्तरें मूल तेथें बोटांनीं शोधत असतें. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा बसविला आहे कीं समोरून येणारास तो दिसत नाहीं. हें एकदां गडावर नेऊन दाखविलें, तर पुढल्या वर्षींच्या किल्ल्याचा दरवाजा आपोआप जागा बदलतो.

एक गोष्ट मात्र बहुतेक मुलें उलटी करतात. तळें सर्वांत शेवटीं करावयाचें, उरलेल्या जागीं एक वाटी पुरून अथवा कांचेचा तुकडा ठेवून. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत गड बांधण्याविषयीं जें सांगितलें आहे त्यांत पाण्याचा मान पहिला आहे: आधीं पाणी पाहावें, मग गड बांधावा, आणि एकाच पाण्यावर विसंबून राहूं नये. पुष्कळ गडांवर बांधकामासाठीं दगड काढला त्या खाणींचींच पुढें टाकीं व तळीं झालीं. एकाच कष्टांत भिंतीहि आल्या आणि पाणीहि आलें. घरांतल्या वडील माणसानें किल्ल्याला हात लावूं नये. फक्त एवढीच अट घालावी कीं यंदा वाटी पुरावयाची नाहीं, तळें खरें हवें आणि तें सिंहासनाच्या आधीं हवें.

मग पहिल्या दिवशीं ओतलेला तांब्या घटकेंत जिरून जातो. दुसरा तांब्या उतारावरून वाहून खालचें अळीव घेऊन जातो. मावळे अजून कागदाच्या पुडींतच असतात आणि सिंहासनाला जागा नसते. धाकटें भावंडं रडकुंडीस येतें, शेजारचा किल्ला पुरा झालेला असतो. मूल थोडा वेळ ओल्या मातीकडे पाहत बसतें आणि कोणी न सांगतां चिकणमाती शोधावयास उठतें.